जो घरी पोचला तो

सहा वर्षं वर्धा नदीचा आमच्याकडचा काठ कोरडा होता आणि पलीकडचा ओला. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागली. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, तिथं बंदी नव्हती. भद्रावतीतून मोटरसायकल काढायची, माजरीच्या खाणी मागं टाकायच्या, पाटाळ्याचा पूल ओलांडायचा, की पुढं वणीचा रस्ता. जाताना सगळे शुद्धीत असायचे. गाण्याची भेंडी लावत, एकमेकांना शिव्या देत, पण शुद्धीत. येताना रात्र झालेली असायची.

ही बंदी कोणी वरून लादली नव्हती, हे आधी सांगतो, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ लागेल. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून निघालेल्या बाया पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या होत्या. थंडीचे दिवस, पायात साध्या चपला. शेजारच्या वर्ध्यात १९७५ पासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, मग आमच्याच घरात काहून दारू, एवढाच त्यांचा सवाल होता. त्या सवालाला उत्तर मिळायला चार वर्षांहून जास्त काळ लागला आणि ते उत्तर परत घ्यायला मंत्रिमंडळाला २७ मे २०२१ ची एक बैठक पुरली. बंदी असावी की नसावी यावर आमच्या चौकात आजही दोन तट पडतात. मी त्यात पडत नाही. मला बोलायचं आहे ते परतीच्या वाटेबद्दल, आणि ती वाट बंदीच्या आधी होती, बंदीत होती, आताही आहे. बंदीनं ती लांब केली, एवढंच.

माझ्या लहानपणी दारू नव्हती असं कोणी सांगू नये. मोहाची होती, घराघरात होती. आमच्या शेजारचे एक आजोबा दर बाजारच्या दिवशी बंडी घेऊन वरोऱ्याला जायचे आणि येताना बंडीत आडवे पडून यायचे. कासरा हातातून सुटलेला, तोंडावर दुपट्टा. बैल आपल्या मनानं चालत यायचे, वळणावर वळायचे, नाल्यात सावकाश उतरायचे, दारात येऊन थांबायचे. आजी बाहेर यायची, आधी बैलांना पाणी पाजायची, मग आजोबांकडं पाहायची. हा मान बैलांना उगाच नव्हता. त्या बंडीवर रात्री एक तरी जीव शुद्धीत असायचा आणि तो बैल असायचा. मोटरसायकलला असली अक्कल नाही. ती चालवणाऱ्याच्या हुकमात राहते, तो हुकूम कसा का असेना.

आता ज्या प्रसंगावरून हे सगळं डोक्यात आलं तो सांगतो. नावं सांगत नाही, दोघंही अजून गावात आहेत आणि दोघंही माझ्या हाताखाली शिकलेले आहेत.

बंदीचं तिसरं की चौथं वर्ष असेल. पोळ्याची कर. आमच्याकडं पोळा बैलांचा आणि दुसरा दिवस माणसांचा. त्या दिवशी मटण शिजतं, आणि ज्याला प्यायची तो त्या दिवशी पितोच. बंदी असली म्हणून कर काही टळत नव्हती. दोन चुलत भाऊ, थोरला चोवीस वर्षांचा, धाकटा एकवीसचा, दोन गाड्या घेऊन पलीकडं गेले. खरं म्हणजे आपल्या राज्यात पंचवीस वर्षांखालच्याला असली दारू विकायलाही मनाई आहे, पण वय विचारणारा दुकानदार मी अजून पाह्यचा आहे. एकच बाटली घेतली. दोघांत अर्धी अर्धी. वाटणीत थोरला मोठा प्रामाणिक, असं धाकट्यानंच मला पुढं सांगितलं. ग्लास उजेडात धरून, रेघ पाहून ओतायचा म्हणे.

अंधार पडल्यावर निघाले. थोरला पुढं, धाकटा मागं, मधे पाच मिनिटांचं अंतर. थोरला घरी पोचला, हातपाय धुतले, जेवला, झोपला.

त्याच रस्त्यानं एक माणूस खाणीतली दुसरी पाळी करून येत होता. ठेकेदाराकडचा कामगार. सायकलचं चाक पंक्चर झालं होतं म्हणून हातानं ढकलत, रस्त्याच्या डाव्या कडेनं, बरोबर बाजूनं चालला होता. धाकट्यानं त्याला मागून उडवलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला. धाकट्याचं मनगट मोडलं आणि कपाळाला सहा टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांना पंच हवा होता. मास्तर माणूस, सही चांगली, कोर्टात फिरणार नाही, म्हणून मला बोलावलं. स्थळ पंचनाम्यावर सही करायची माझी ती तिसरी वेळ. टेप लावून मोजमाप झालं. सायकल कुठं पडली, मोटरसायकल कुठपर्यंत घासत गेली, चप्पल कुठं, डबा कुठं. हवालदार तोंडानं बोलत लिहीत होता आणि मी ‘बरोबर’ म्हणत होतो. पंचनाम्याचा नियम असा, की जागेवर जे सापडतं तेच लिहायचं. थोरल्याचं त्या जागेवर काहीच सापडलं नव्हतं, त्यामुळं त्याचा त्या कागदाशी संबंध आला नाही. पण तोही त्याच रस्त्यानं गेला होता. पंक्चर सायकल घेऊन तो कामगार चौकातल्या चहावाल्यासमोरून केव्हा गेला हे चहावाल्यानं सांगितलं होतं. हिशेब केला तर थोरल्याची गाडी त्या माणसाला ओलांडूनच पुढं आली असली पाहिजे. मी एकदा थोरल्याला विचारलं.

“मले तर कोणीच दिसलं नाही गुर्जी,” तो म्हणाला.

खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कोणी दिसलं नव्हतं. त्याच्या हँडलपासून हातभर अंतरावरून एक जिवंत माणूस मागं गेला आणि त्याला दिसला नाही.

गावानं निकाल लगेच दिला. धाकट्याच्या घरावरून जाताना बाया पदर नाकाला लावू लागल्या. थोरल्याबद्दल पानठेल्यावर वेगळंच ऐकू यायचं. “त्याले झेपते. किती बी पिऊ दे, गाडी सरळ आनते.” एकाच बाटलीतली अर्धी अर्धी दारू, एकाला गाव मारेकरी म्हणतं आणि दुसऱ्याला हुशार. मला प्रश्न पडला तो इथं. या दोघांत फरक कोणता? ग्लासावरची रेघ सारखी, रस्ता सारखा, रात्र सारखी. फरक केला तो अर्ध्या हातानं. आणि तो अर्धा हात थोरल्यानं काही अक्कल वापरून राखला नव्हता.

माझा भाचा नागपूरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, मामा, यावर १९७६ साली इंग्लंड-अमेरिकेतल्या दोन मोठ्या पंडितांनी, बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी, निबंध वाचले होते. नेगेलनं तर दाखलाच हा दिलाय : एक जण जास्त प्यायलेला, गाडी फूटपाथवर चढते, तिथं कोणी नसलं तर तो नशीबवान म्हणायचा. माणसाला दोष द्यायचा तो त्यानं केलेल्या गोष्टीबद्दल, की त्याच्या हातात नसलेल्या नशिबाबद्दल? मला बरं वाटलं. आपल्या पानठेल्यावरचा सवाल साता समुद्रापार जाऊन आला होता. पण त्या पंडितांनी तरी तो सोडवला का, असं विचारलं तर भाचा हसला.

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाचे एक बुवा आहेत. रोज सामुदायिक प्रार्थना, खादीची टोपी, आयुष्यात दारूचा थेंब नाही. ते म्हणाले, “मास्तर, यात कोडं कायचं? कर्म पाहा. फळ देवाच्या हातात. दोघं बी सारखेच पापी.” मला ते पटत होतं. हेच बोलणं मी त्या मेलेल्या कामगाराच्या बायकोपुढं एकदा बोललो. ती शाळेत मुलीचा दाखला न्यायला आली होती, नुकसानभरपाईच्या दाव्याला लागत होता. मी म्हटलं, माय, एकाला सगळे शिव्या देतात, पण दुसराही तेवढाच दोषी आहे. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी परक्या भाषेत बोलतोय.

“गुर्जी, दुसऱ्याचं मले काय सांगता? माह्या घरचा माणूस एकानं मारला. दोघांनी नाही.”

त्यावर बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं, आणि आजही तिचं म्हणणं मी खोडून काढत नाही. दोष सारखा असला तरी देणं सारखं नसतं. धाकट्यानं तिचं देणं लागतं. थोरला तिचं काही लागत नाही. पण मग थोरला कोणाचं लागतो? मला वाटतं, तो त्या रस्त्यावरच्या सगळ्यांचंच लागतो, आणि म्हणूनच कोणाचंच लागत नाही असं त्याला वाटतं. सगळ्यांचं देणं मागायला कोणी एक जण दारात येत नाही.

कायदा मात्र येतो, निदान कागदावर. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ मी मुद्दाम वकिलाकडून समजून घेतलं, आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा झाला. कोणाला धक्का लागला का, कोणी पडलं का, गाडी सरळ चालली होती का, हे ते कलम विचारतच नाही. चालवलीच पाहिजे असंही नाही, चालवायचा प्रयत्न केला तरी पुरे. म्हणजे थोरला घरी पोचला यात त्याचा बचाव नाही. पोलिसानं पुलाच्या अलीकडं दोघांना अडवलं असतं, फुंकायला लावलं असतं, तर दोघांचा गुन्हा एकच लिहिला गेला असता. आपल्या सगळ्या व्यवहारात नशिबाला न मोजणारी जागा मला ही एक दिसली. तेव्हा पहिल्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड दहा हजार झाला, कैद तीच. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पंधरा हजार. शिवाय लायसन जाऊ शकतं.

दहा हजार ऐकून पोट्टे ओरडतात. बाटलीला, पेट्रोलला, चकण्याला किती गेले ते विचारलं की गप्प बसतात.

माणूस मेल्यावर मात्र कायदाही गावासारखाच नशिबाकडं पाहायला लागतो. धाकट्यावर त्या वेळच्या भारतीय दंड संहितेचं ३०४ अ लागलं, हयगयीनं मृत्यू, जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्या १०६ व्या कलमात तेच पाच वर्षांपर्यंत गेलं. पण याच्यावर आणखी एक पायरी आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेरा नावाच्या तरुणाची मोटार फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले. खालच्या कोर्टानं हयगय धरली आणि सहा महिने दिले. लोक संतापले. मुंबई उच्च न्यायालयानं ते बदललं : हा सदोष मनुष्यवध आहे, तीन वर्षं. २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. यातला मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. कोणी म्हणत नव्हतं की त्याला त्या मजुरांना मारायचं होतं. कोर्टानं एवढंच म्हटलं, की पिऊन भरधाव गाडी चालवली तर माणसं मरू शकतात हे त्याला माहीत होतं. हेतू नव्हता, जाण होती.

जाण होती. हा शब्द मला थोरल्यालाही लागू वाटतो. त्यालाही माहीत होतं. माहीत नसतं तर घरी पोचल्यावर त्यानं आईला, “आलो गा माय, नीट आलो,” असं कशाला सांगितलं असतं? नीट येणं ही सांगायची गोष्ट आहे, हे कळणाऱ्यालाच नीट न येण्याची भीती ठाऊक असते.

कोणी म्हणेल, प्यायलेल्याला कसली जाण? तेवढं शुद्धीवर असतं तर गाडीवर बसला कशाला असता? हा बचाव मी शेकडो वेळा ऐकलाय, लग्नाच्या मांडवात, मयतीत, कोर्टाच्या व्हरांड्यात. “त्या टायमाले मी माह्यात नव्हतो.” ऐकायला खरं वाटतं, आणि एका अर्थी खरंही आहे. दारू आधी खाते ती आपल्याला चढली की नाही हे ओळखणारी नजर. पाय अडखळायच्या कितीतरी आधी ती जाते. म्हणून प्यायलेल्या माणसाला ‘तुला झेपेल का’ असं विचारणं म्हणजे चोरालाच पंच म्हणून सहीला बोलावणं. तो ‘झेपते’ म्हणणारच. पण दोघं भाऊ घरातून निघाले तेव्हा कोणी प्यायलेलं नव्हतं. दुपार होती, ऊन होतं, डोकं जागेवर होतं. दोन गाड्या काढल्या, दोन्हींत पेट्रोल भरलं, परत येताना कसं येणार हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. धाकट्यानं त्या माणसाला रात्री उडवलं असेल, पण ठरवलं दुपारीच होतं, घराच्या ओट्यावर, चावी खिशात टाकताना. आणि त्याच ओट्यावर, त्याच वेळी, थोरल्यानंही ठरवलं होतं. तिथं नशिबाचा काही हात नव्हता. म्हणून माझ्या मते न्याय करायचा तर त्या ओट्यावरचा करावा.

तो ओटा आमचा सगळ्यांचा आहे, हेही तेवढंच खरं. त्या दिवशी तिथं बाप बसला होता, काका होता, दोन शेजारी होते. पोट्टे कुठं चाललेत हे प्रत्येकाला माहीत होतं. “लवकर या बे,” एवढंच एक जण म्हणाला. सांभाळून या म्हणणारी माणसं आपल्याकडं फार आहेत. चावी मागणारा पाह्यला नाही. पोरगं अठराच्या आतलं असलं तर आता कायदा त्या ओट्यापर्यंतही येतो. २०१९ च्या दुरुस्तीनं १९९ अ हे कलम आलं : अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. आमच्याकडं दहावी पास झाल्याबरोबर गाडी घेऊन देणारे बाप मला ठाऊक आहेत. त्यांना हे वाचून दाखवलं की म्हणतात, “आपल्या गावात कोन पकडते?”

पुण्यात मात्र पकडला. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीनं मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. दोघेही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले इंजिनीअर. काही तासांत जामीन झाला आणि त्यातली एक अट होती, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिही. देशभर गदारोळ झाला. पुढं जामीन फिरवला, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, आईबापांनाही अटक झाली. रक्तात काय होतं हे लपवायला मोठी माणसं कुठवर जातात, हे लोकांनी पाहिलं. आमच्या पानठेल्यावर त्या निबंधाची थट्टा महिनाभर चालली. मीही हसलो. पण मी चौतीस वर्षं निबंध तपासले आहेत, आणि निबंध लिहायला लावणं वाईट असं मला म्हणवत नाही. मला विषय वाईट वाटला. अपघातावर काय लिहील बिचारं पोरगं? वेग, सिग्नल, हेल्मेट, पाठ केलेलं सगळं. मी विषय दिला असता, ‘ज्या ज्या रात्री मी घरी पोचलो’. त्याला तीनशे शब्द पुरले नसते. आणि तो निबंध मग त्या एकट्याकडूनच मागता आला नसता.

धाकट्याचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ऐकणाऱ्याला सजा म्हणजे तुरुंगच वाटतो. रक्त नागपूरच्या प्रयोगशाळेत गेलं, अहवालात दारू मर्यादेच्या बरीच वर निघाली. केस चार वर्षं चालली. तोवर पोरगं रोज पहाटे मैदानावर पळायचं, पोलीस भरतीसाठी, सोळाशे मीटरला त्याची वेळ चांगली होती. भरतीच्या साक्षांकन नमुन्यात ‘आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का’ हा प्रश्न असतो. खोटं लिहावं तर पडताळणीत सापडतं, खरं लिहावं तर ते समोर आहेच. त्यानं पळणं सोडलं. गाडी बापाच्या नावावर, विमा दोन वर्षांपासून भरलेला नव्हता, त्यामुळं भरपाईचा सगळा बोजा बापावर आला. मुरमाकडची दोन एकर कपाशी विकली. बापानं त्या रात्री पेट्रोलपुरते दोनशे रुपये दिले होते, एवढाच त्याचा त्यातला भाग. त्या कामगाराच्या बायकोला पैसे मिळायला पाच वर्षं लागली. तोवर ती दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जात होती आणि मुलगी आठवीतून शाळा सोडून तिच्यासोबत. त्या मुलीचा हिशेब कोणत्या कलमात बसतो, मी वकिलाला विचारलं नाही.

आणि थोरला? त्याच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती वाटते. धाकट्याला त्या रात्रीनं काहीतरी शिकवलं, फार महागात, पण शिकवलं. तो आता पीतच नाही. थोरल्यालाही त्या रात्रीनं शिकवलंच. पोचता येतं, हे शिकवलं. दर वेळी पोचला की हा धडा पक्का होतो. बंदी उठल्यावर तर नदी ओलांडायचीही गरज उरली नाही. वाट लहान झाली, म्हणून तो जास्त निर्धास्त झाला. मागच्या वर्षी एका लग्नात मी त्याला बाजूला घेतलं.

“काहून रे, अजून तसाच येतो?”

“गुर्जी, इतक्या वर्सांत एकदा तरी पडलो का मी?”

“तुझा भाऊ तरी कुठं रोज पडत होता?”

“त्याची गोष्ट येगळी. त्याले चालवता येत नाही.”

भावाला चालवता येत नाही. मृत माणूस, विकलेली कपाशी, सुटलेली भरती, इतक्या सगळ्यातून त्यानं काढलेला अर्थ हा होता. शरीर एका तासात शंभर मिलिलिटर रक्तातली साधारण पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास दारू पचवतं, त्याला ना लिंबू लागू पडतं ना गार पाणी, हेही मी त्याला सांगितलं. आकडे सांगणं हा मास्तरांचा जुना रोग. त्यानं मान हलवली आणि पानठेल्याकडं गेला.

माझा त्याच्यावर राग आहे का, असं भाच्यानं विचारलं होतं. आहे. पण त्याला जे ‘झेपते’ म्हणतात त्यांच्यावर जास्त आहे. पिऊन सरळ गाडी आणणाऱ्याला हुशार म्हणणारं गाव दर करीला एक नवा धाकटा तयार करतं. तो थोरल्याकडं पाहून निघतो. पकडलेल्याला शिक्षा व्हावी हे सगळेच म्हणतात. न पकडलेल्याची वाहवा बंद करा, असं म्हटलं तर लोकांना ते मास्तरकी वाटते, कारण त्या वाहवेत प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा असतो, स्वतःच्या घरी पोचलेल्या रात्रींचा.

थोरल्याच्या आईनं मात्र या वादाकडं लक्ष दिलं नाही. धाकट्या जावेचं शेत विकताना तिनं पाहिलं होतं. यंदाच्या करीला सकाळी पोरगा आंघोळीला गेला तेव्हा तिनं खुंटीवरची चावी काढून तांदळाच्या कोठीत खाली घातली. तो दिवसभर चिडला, शोधलं, शेजारच्यांसमोर आईला बोलला, दुपारी मित्राच्या गाडीवर मागं बसून गेला आणि रात्री कोणीतरी ऑटोनं आणून सोडला. ऑटोवाल्याचे पैसेही तिलाच द्यावे लागले. सकाळी त्यानं चावी मागितली तेव्हा ती चुलीपाशी होती.

“भात टाकतो तवा सापडंल,” ती म्हणाली.